अदलाबदलीचे महिने

आमच्या टीमनं आपला डावखुरा फिरकी गोलंदाज देऊन टाकला ही बातमी मला कळली तेव्हा माझ्या हातात दोन जाड सुया होत्या आणि माझं रक्त शेजारच्या यंत्रातून फिरून परत येत होतं. पलीकडच्या खाटेवरच्या माणसानं मोबाइल छातीवर उपडा ठेवला, थोडा वेळ छताकडे बघितलं आणि तमिळमध्ये म्हणाला, "सार, बुडालो आपण."

"काय झालं?"

"आपला फिरकीवाला गेला. बदल्यात काय घेतलंय सांगू? गुडघा धरून पळणारा परदेशी ओपनर."

"ओपनर हवाच होता," मी म्हणालो.

"हवा होता म्हणून असा?"

त्यावरून आम्ही यंत्र थांबेपर्यंत भांडलो. नर्स दोनदा येऊन सांगून गेली की दोघांचंही ब्लडप्रेशर वर जातंय, जरा गप्प पडून राहा. बाहेर आमच्याकडचा आडवा पाऊस लागला होता आणि पुढचे दोन-तीन आठवडे तो थांबणार नव्हता.

शेजारच्या त्या माणसाला मी अण्णा म्हणायचो. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे. चोळपुरम् हे त्यांचं गाव, आणि कुंभकोणमला देवळाच्या रस्त्यावर त्यांचं पितळी भांड्यांचं दुकान. भारदस्त आवाज, गिऱ्हाइकाशी वर्षानुवर्षं बोलून कमावलेला. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून मी त्यांचा 'सार', म्हणजे सर. रक्तदाबाकडे मी लक्ष दिलं नाही आणि त्यानं माझ्या दोन्ही किडन्या खाल्ल्या. त्यांच्या कशानं गेल्या हे डॉक्टरांनाही नीट सांगता आलं नव्हतं. एक दिवसाआड चार तास आम्ही एकमेकांशेजारी पडून असायचो.

डायलिसिसवर माणूस जगतो, पण कसा, ते सांगतो. दिवसाला मोजकं पाणी. तहान लागली की बर्फाचा खडा जिभेवर ठेवायचा आणि गिळायची घाई करायची नाही. जिकडेतिकडे केळीच्या बागा, आणि केळं वर्ज्य. शहाळं वर्ज्य. सकाळची कॉफी दोन घोट. यंत्रावरून उतरल्यावर पायाला गोळे येतात, घरी जाऊन झोपायचं. दुसऱ्या दिवशी जरा माणसात यायचं, की तिसऱ्या दिवशी पुन्हा सुया. पुढच्या वर्षाबद्दल घरात कुणी बोलेनासं झालं होतं. दिवाळीला कपडे घ्यायला गेलो तर बायकोनं माझ्यासाठी सैल शर्ट निवडला की अंगाबरोबरचा, यावरूनही ती काय समजून चालली आहे ते मला कळायचं.

त्यामुळे असेल, आमची टीम कुणाला सोडते, कुणाला घेते, ही आमची एकच चर्चा अशी होती जी आपोआप पुढच्या वर्षाकडे जायची. मोसम चालू असतो तेव्हा सामना बघायचा असतो. मोसम संपला की नुसतं बोलायचं असतं. अण्णा म्हणायचे, "मार्चमध्ये सहाव्या षटकानंतर बॉल कुणाच्या हातात देणार, सांगा ना." मी एखादं नाव सांगायचो. ते हाणून पाडायचे. मार्चमध्ये आम्ही दोघं असू हे त्या भांडणात धरूनच चालायचं. दोघांपैकी एकानंही ते कधी उघडं बोलून दाखवलं नाही.

आमच्या बायका तेवढा वेळ बाहेरच्या बाकावर बसायच्या. अण्णांच्या बायकोला मी अण्णी, म्हणजे वहिनी, म्हणायचो. ठेंगणी, कमी बोलणारी बाई, माहेर तिरुक्करुगावूरचं. माझी बायको तिला डब्यातलं काहीबाही द्यायची, ती हिला जाईचा गजरा द्यायची. मराठा राजांबरोबर पिढ्यांपूर्वी इकडे आलेल्या घरांतले आम्ही दोघं नवराबायको, आपसात मराठी बोलतो. आत काही गुपचूप सांगायचं असलं की ती मराठीत सांगायची, आणि अण्णा चिडवायचे, "बघा, आता राजांच्या भाषेत सल्लामसलत सुरू झाली."

एके दिवशी, टीमच्या त्या अदलाबदलीवरून आमचं दुसऱ्यांदा की तिसऱ्यांदा वाजलं होतं, तेव्हा माझी बायको आत आली. चेहरा असा की मला वाटलं घरून काही वाईट बातमी आहे. माझ्या उशाशी वाकून हळू म्हणाली, "ऐकलेंत कां? तिची रक्ताची जात तुमची आहे."

"कोणाची?"

"अण्णीची. आणि माझी आहे ती त्यांची."

मला लगेच उमगलं नाही. माझ्या बायकोनं पहिल्याच महिन्यात किडनी द्यायची तयारी दाखवली होती. रक्तगट जुळेना म्हणून तो विषय मिटला होता. अण्णींचंही तसंच झालेलं. दोन वर्षं त्या दोघी नवऱ्यांना काही देता येत नाही म्हणून मनातल्या मनात झुरत एका बाकावर बसल्या होत्या, आणि त्या दिवशी बोलता बोलता त्यांनी एकमेकींचे गट विचारले.

"काय म्हणतायत बाईसाहेब?" अण्णांनी विचारलं.

मी त्यांना तमिळमध्ये सांगितलं. त्यांनी मोबाइल उचलला, खाली ठेवला, आणि म्हणाले, "असं करता येतं का, सार?"

येत होतं. तिरुचीच्या मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी सांगितलं की असं होतं, कायद्याला चालतं, चौघांचंही ऑपरेशन एकाच दिवशी करतात. सरकारी समितीपुढे जावं लागेल, त्याआधी बायकांच्या सगळ्या तपासण्या. त्या संध्याकाळी बसनं परत येताना आम्ही चौघं एका रांगेत बसलो होतो. पापनाशमपर्यंत अण्णा एकटेच बोलत होते. मार्चमध्ये सामना बघायला आपण चौघं चेन्नईला जाऊ, स्टेडियममध्ये बसू, मी पाणी पिईन, एक सबंध बाटली, कुणाला न विचारता. अण्णी खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या.

माझ्या बायकोच्या तपासण्या ठीक निघाल्या. अण्णींच्या रक्तात साखर निघाली.

फार नाही. काठावरची. पण डॉक्टर म्हणाले, साखरेच्या वाटेवर असलेल्या बाईची किडनी आम्ही घेत नाही, उद्या तिलाच लागेल. मी विचारलं, अजिबातच नाही का? ते म्हणाले, वजन उतरलं, साखर खाली आली आणि तशीच टिकली, तर तीन महिन्यांनी पुन्हा बघू. पण आशा धरून बसू नका.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. आत्तापर्यंत आशा नव्हती आणि आम्ही तिच्यावाचून जगायला शिकलो होतो. आता ती एकदा दाखवून काढून घेतली होती. मी घरी भिंतीकडे तोंड करून पडायचो. बायको ताट पुढे करायची, मी ढकलायचो. शाळेत मुलांपुढे फळ्यावर समीकरण लिहिताना मध्येच हात थांबायचा आणि पुढं काय लिहायचं ते आठवायचं नाही.

अण्णांचा राग वेगळा. ते टीमवर तुटून पडले. त्याच सुमारास बातमी आली की तो परदेशी ओपनर डॉक्टरांच्या तपासणीत टिकला नाही, गुडघ्याचं ऑपरेशन होणार, अर्धा मोसम गेला. आमचा फिरकीवाला मात्र कायमचा गेला.

"सांगत होतो," अण्णा म्हणाले. त्या दिवशी त्यांचा आवाज सगळ्या हॉलला ऐकू जात होता. "तुम्ही म्हणालात ओपनर हवा. घ्या ओपनर. ज्यांच्याकडे द्यायला धड काही नाही, त्यांनी अदलाबदलीची बोलणी काढूच नयेत. खराब माल घेऊन यायचं आणि चांगला उचलून न्यायचा."

मी त्यांना थांबवायला हात वर करायला गेलो, पण सुयांमुळे हात हलवता येईना. अण्णी त्यांच्या पायाशी उभ्या होत्या. हातात कॉफीचा लहान पेला, त्यांचे दोन घोट. त्यांनी तो स्टुलावर ठेवला, वर बशी झाकली आणि बाहेर गेल्या.

अण्णांना पेला दिसला तेव्हा अण्णींनी ऐकलंय हे कळलं. त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "सार, मी क्रिकेटचं बोलत होतो."

"माहीत आहे."

"तिला सांगा तुम्ही."

"तुम्हीच सांगा, अण्णा."

ते काय बोलले मला माहीत नाही. पण दुसऱ्या दिवसापासून अण्णी पहाटे चोळपुरम्‌हून पहिल्या बसनं कुंभकोणमला यायला लागल्या. महामहम तळ्याभोवती त्या अनवाणी चालायच्या. माझी बायको सोबत जायची. अण्णींनी भात सोडला, साखर सोडली, पोंगल सणाचा गोड भातसुद्धा बोटाला लावला नाही. दोघी घामाघूम होऊन आमच्या घरी येत, ताक पीत, आणि अण्णी भिंतीला टेकून डोळे मिटून बसत. एकदा मी म्हणालो, "अण्णी, इतकं करू नका. चक्कर येऊन पडाल."

"पडले तर उठेन," त्या म्हणाल्या.

माहेरच्या देवीलाही जाऊन आल्या. पोटातलं मूल जपणारी देवी ती. गरोदर बायका तिथं तूप आणायला जातात. पुजाऱ्यानं विचारलं, मुलीसाठी का सुनेसाठी? अण्णींनी सांगितलं, माझ्यासाठी. पुजारी त्यांच्या पांढऱ्या केसांकडे बघत राहिला. हे सांगताना त्या हसल्या. त्यांना हसताना मी तेव्हाच पाहिलं. म्हणाल्या, "किडनीपण पोटातच असते ना, सार? आईला सांगितलं, हीही जप."

डिसेंबरात खेळाडूंचा लिलाव झाला. हॉलमधल्या टीव्हीवर आवाज बंद करून तो लावला होता. आमच्या टीमचे मालक टेबलाशी बसून कागद चाळत होते आणि ज्याच्यावर आमची नजर होती तो प्रत्येक फिरकी गोलंदाज दुसरे घेऊन जात होते. एरवी अण्णांनी हॉल डोक्यावर घेतला असता. ते शांत होते. मी मुद्दाम म्हणालो, "तो लेगस्पिनर घ्यायला हवा होता." ते म्हणाले, "हं." मी म्हणालो, "की शेवटच्या षटकांसाठी वेगवान गोलंदाज बघावा?" ते म्हणाले, "काहीही घ्या, सार. एकदा मार्च बघू दे." त्यांचे पाय सुजले होते. वजन भरत नव्हतं. मला पहिल्यांदा वाटलं की हा माणूस तीन महिने काढणार नाही.

पण त्यांनी काढले. अण्णींची साखर खाली आली होती. डॉक्टरांनी पुन्हा तपासली, आठवडाभर थांबून पुन्हा. अखेर हो म्हणाले. समितीपुढे एका अधिकाऱ्यानं अण्णींना विचारलं, कुणाच्या दबावाखाली देताय का? त्या म्हणाल्या, "मी दिली नाही तर त्यांना मिळत नाही. याला दबाव म्हणतात का, ते तुम्ही सांगा." अधिकाऱ्यानं मान खाली घालून सही केली.

चौघं एकाच दिवशी ऑपरेशनला गेलो. अण्णींची किडनी मला, माझ्या बायकोची अण्णांना.

शुद्धीवर आलो तर मला बसवलेली किडनी गप्प होती. लघवीचा थेंबही नाही. पडद्यापलीकडे अण्णांची मात्र पहिल्याच तासापासून धो धो चालू. नर्सा पिशव्या बदलून दमल्या. ते पडद्याआडून ओरडून सांगायचे, "सार, पाणी प्यायलो. एक ग्लास. आता दुसरा." मी दात आवळून पडून राहायचो. आनंद झाला असं म्हणणं खोटं ठरेल. मग चौथ्या-पाचव्या दिवशी माझी जागी झाली, हळूहळू, आणि मी पाणी मागितलं. ग्लास हातात धरून मी रडलो. प्यायला सुरुवातच करवेना.

मार्चच्या अखेरीला मोसम सुरू झाला. चेन्नईला जायची परवानगी मिळाली नाही, तोंडाला मास्क लावून घरातच बसायचं होतं. प्रत्येक षटकानंतर अण्णांचा फोन. टीम वाईट हरत होती आणि आम्ही दोघं सुखात होतो. तेवढे आठ-दहा आठवडे.

मग एका सकाळी अण्णांचे पाय पुन्हा सुजलेले दिसले. त्यांच्या शरीरानं माझ्या बायकोची किडनी नाकारली होती. तिरुचीला नेलं, मोठमोठी इंजेक्शनं दिली, किडनीचा एक तुकडा काढून तपासला, पुन्हा इंजेक्शनं. काही उपयोग झाला नाही. डॉक्टर म्हणाले, यात कुणाचा दोष नाही, कधीकधी असं होतं. पावसाळ्याआधी अण्णा पुन्हा त्याच हॉलमध्ये, त्याच खाटेवर होते. शेजारच्या माझ्या खाटेवर दुसरं कुणी आलं होतं.

घरी माझी बायको कमरेच्या टाक्यांवर हात ठेवून बसायची. एकदा म्हणाली, "माझ्यांतच काय खोट होती?"

"डॉक्टरांनी सांगितलें ना, नव्हती म्हणून."

"तिची तुमच्यांत चालते. माझी तिथें सुकली. मी तिला तोंड कसें दाखवूं?"

मी बाथरूमला जाऊन यायचो तेही तिच्यासमोर चोरट्यासारखं वाटायचं. गावात लोक विचारायचे, तुम्ही छान दिसता, आणि ते भांडीवाले? मी म्हणायचो, बरे आहेत.

शेवटी ती एकटीच चोळपुरम्‌ला गेली. मी नको म्हणत होतो. अण्णींनी तिला दारातच धरलं, आत नेलं, जेवायला वाढलं. हिनं हात जोडून काही बोलायला सुरुवात केली तर म्हणाल्या, "तंगच्ची, तू दिलीस. त्यांनी दोन महिने पोटभर पाणी प्यायलं. माझ्या डोळ्यांनी पाहिलं मी." तंगच्ची म्हणजे धाकटी बहीण. हे घरी येऊन सांगताना माझी बायको इतकी रडली की मला शेजारणीला बोलवावं लागलं.

पुन्हा नोव्हेंबर आला, पुन्हा आडवा पाऊस, पुन्हा कोण कुणाला सोडणार त्याच्या बातम्या. मला राहवेना. मी मास्क लावून हॉलमध्ये गेलो आणि अण्णांच्या खाटेशी स्टुलावर बसलो. ते खूप वाळले होते, पण मला बघून लगेच म्हणाले, "विकेटकीपरला सोडतायत म्हणे. ऐकलंत?"

आम्ही जेमतेम पाच मिनिटं बोललो असू. अण्णी आत आल्या आणि माझ्याकडे बघून त्यांचा चेहरा बदलला. माझी प्रतिकारशक्ती गोळ्यांनी दाबलेली असते. अशा ठिकाणी, जिथं खोकणारी, ताप असलेली माणसं पडलेली असतात, मी जाणं धोक्याचं. हे मलाही माहीत होतं.

"बाहेर चला, सार," त्या म्हणाल्या.

"थोडा वेळ, अण्णी. मास्क आहे."

"चला म्हणते ना." त्यांनी माझ्या ओटीपोटाच्या उजव्या बाजूकडे बोट दाखवलं. "ती माझी आहे. तळ्याभोवती चालून चालून दिलीय. इथं आणून घालवायची नाही."

मी उठलो. अण्णांनी मान भिंतीकडे वळवली.

तेव्हापासून मी त्यांच्या डायलिसिसच्या वेळी फोन लावतो. शाळा सुटलेली असते. मी प्रयोगशाळेच्या मागच्या पायरीवर बसतो. परवाही बसलो होतो. अण्णा जोरात होते. विकेटकीपरला सोडणं म्हणजे आत्मघात, आणि त्याच्या जागी ज्याला आणायचं चाललंय त्याचे हात लोण्याचे. मी म्हणालो, बॅटिंग तरी करतो. ते म्हणाले, बॅटिंग करणारे रस्त्यावर पडलेत, सार, तुम्हाला अजून क्रिकेट कळत नाही. मार्चमध्ये नव्या बॉलवर त्याला उभा करा आणि मग —

आवाज थांबला. मागं यंत्राचा पी-पी आवाज सुरू झाला. नर्स कुणाला तरी पाय वर उचलायला सांगत होती, सलाइन वाढवायला सांगत होती. फोन गादीवर पडला असावा, घासल्यासारखं ऐकू येत होतं. मी "अण्णा, अण्णा" म्हणत राहिलो. शिपाई प्रयोगशाळेला कुलूप लावून गेला. मी फोन कानाला दाबून बसलो होतो आणि माझा दुसरा हात पोटावर होता.

बऱ्याच वेळानं फोन कुणीतरी उचलला. अण्णीच होत्या.

"बीपी पडलं होतं. आता आहेत," त्या म्हणाल्या. "डोळे उघडलेत. बोलता येत नाही. पण खुणेनं विचारतायत तुम्ही लाइनवर आहात का."

"आहे म्हणून सांगा."

"तुम्हीच बोला. ऐकतायत."

त्यांनी फोन अण्णांच्या कानाशी धरला. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता, तुटक तुटक. मग मी त्या नव्या विकेटकीपरबद्दल बोलायला लागलो, तो का घ्यायला हवा, त्याचे हात खरं तर तितके वाईट नाहीत. अण्णांना न पटणारं जे जे आठवलं ते सगळं मी सांगत गेलो.